मावशींचा एक तास

"तिकडं माझ्यासारख्या बाईला किती मिळत्यात, ताई?" मावशींनी हा प्रश्न कणीक मळता मळता विचारला. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या नोकरीवरून आदल्या रात्री आम्हा नवरा-बायकोचे जे बोलणे अर्धवट राहिले होते, ते सकाळच्या चहाबरोबर पुन्हा निघाले आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या मावशींच्या कानावर पडले. त्यांच्या विचारण्यात आगाऊपणा नव्हता आणि टोमणाही नव्हता. कुठे काय मजुरी मिळते हे विचारून ठेवण्याची त्यांना आयुष्यभराची सवय आहे, तेवढ्याच सरळपणे त्यांनी ते विचारले. मी "बघून सांगते" म्हणाले. त्यांनी मान डोलावली, कणकेला तेलाचा हात लावला, परात झाकली आणि तवा गॅसवर चढवला. मी डबा भरून बाहेर पडले, परंतु चांदणी चौकाच्या अलीकडे गाडी खोळंबली तेव्हा तो प्रश्न पुन्हा समोर येऊन उभा राहिला. नोकरीचे पत्र आल्यापासून घरभाडे, प्राप्तिकर, आरोग्यविमा, शाळा, विमानाची तिकिटे अशा कितीतरी गोष्टी मी शोधून, ताडून, तक्त्यात मांडून ठेवल्या होत्या. मावशींच्या प्रश्नाला त्या तक्त्यात रकानाच नव्हता, आणि तरीही साऱ्या हिशेबाची किल्ली त्याच प्रश्नात असावी असे मला का कोण जाणे वाटत राहिले.

पत्रातला आकडा वर्षाला 65,000 युरोंचा आहे. युरो शंभराच्या पुढे गेलेला असल्यामुळे ज्याला त्याला तोंडी गुणाकार करता येतो, आणि ज्याने त्याने तो केलाही. "म्हणजे पासष्ट लाख!" असे म्हणून मामांनी मला फोनवरच आशीर्वाद दिला. पुण्यात मला कागदोपत्री सत्तावीस लाख मिळतात, त्यामुळे पगार अडीच पटींवर जाणार हे खरे. परंतु तो पगार तिथे मिळणार आणि तिथेच खर्चही होणार. तिथे निवृत्तिवेतनाचा हप्ता पगाराच्या 18.6 टक्के असतो, त्यातला निम्मा नोकरदाराचा. आरोग्यविम्याचा मूळ दर 14.6 टक्के आणि त्यावर विमासंस्थेचा अधिभार, त्यातलाही निम्मा आपला. शिवाय बेकारी विमा, वृद्धापकाळच्या सुश्रूषेचा विमा, आणि मग प्राप्तिकर. जोडीदार कमावता नसेल तर विवाहितांना करात बरीच सवलत मिळते, ती धरूनही महिन्याला हातात अडतीसशे युरोंच्या आसपास पडतील. मुलांसाठी सरकार दरमहा 259 युरो देते, ते वेगळे.

मग भाडे. तिथे भाड्याच्या दोन रकमा असतात: नुसत्या जागेची ती काल्टमीटे, आणि हीटिंग, पाणी, जिन्याचा दिवा, कचरा हे सारे धरून होते ती वार्ममीटे. आम्हा तिघांना पुरेल अशी तीन खोल्यांची जागा स्टुटगार्टात पंधराशे युरोंच्या खाली सहसा दिसत नाही. अनामत म्हणून तीन महिन्यांच्या काल्टमीटेपर्यंत रक्कम मागण्याची कायद्याने मुभा आहे. जागा ताब्यात येते तेव्हा तिच्यात बहुतेकदा स्वयंपाकघरच नसते. भिंतीतून बाहेर आलेले पाण्याचे दोन नळ, विजेची एक मोठी जोडणी आणि उघडी फरशी, एवढेच. ओटा, सिंक, कपाटे, शेगडी सारे भाडेकरूने आणायचे आणि सोडताना काढून न्यायचे. घरात रेडिओ-टीव्ही असो वा नसो, दर घरामागे 18.36 युरो प्रसारण-वर्गणी. देशभर चालणारा बस-लोकलचा महिन्याचा पास जानेवारी 2026 पासून 63 युरोंना झाला आहे, तसे दोन. किराणा, वीज, इंटरनेट, शाळेतले दुपारचे जेवण, थंडीचे कपडे, आणि वर्षातून एकदा तिघांनी पुण्याला यायचे तर त्या तिकिटांसाठी दरमहा बाजूला काढायची रक्कम. हे सगळे वजा करून महिन्याकाठी नऊशे युरो उरतात, म्हणजे नव्वद-पंच्याण्णव हजार रुपये.

पुण्यात आम्हा दोघांचे मिळून घरात जे येते, त्यातून फ्लॅटचा हप्ता, लेकीची शाळा आणि स्कूलबस, शाळा सुटल्यावरचे पाळणाघर, पोळीभाजीच्या मावशी, धुणेभांडी-फरशीच्या दुसऱ्या बाई, दोन गाड्यांचे पेट्रोल, उन्हाळ्यात सोसायटीला येणाऱ्या टँकरची वर्गणी आणि वाईला आई-बाबांच्या औषधांचे पैसे गेल्यावर जवळजवळ तेवढेच उरतात.

दोन्हीकडची शिल्लक सारखी निघाली, तेव्हा मी तक्ता पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासला.

आकडे बरोबर होते. परदेशी नोकरीच्या हिशेबात दोन वेगवेगळे भाव एकाच वेळी चालू असतात, हे त्यातून माझ्या नीट लक्षात आले. खर्च होतो तो तिथल्या भावाने. उरते ते मात्र इथे आणले तर इथल्या भावाने मोजले जाते. जागतिक बँकेच्या क्रयशक्तीच्या आकड्यांवरून पाहिले तर रोजच्या व्यवहारात एक युरो साधारणपणे पुण्यातल्या तीसेक रुपयांचे काम करतो. बँकेत तोच युरो शंभराच्या पुढे जातो. म्हणूनच एकटा गेलेला, एका खोलीत राहणारा, हाताने रांधणारा तरुण तिथून घर बांधण्याइतके पैसे पाठवू शकतो, आणि कुटुंब घेऊन गेलेला चाळिशीचा माणूस पहिली काही वर्षे मेटाकुटीला येतो. दोघांचा पगार एकच असला तरी एकाच्या वाट्याला शंभराचा युरो जास्त येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला तिसाचा. आमच्या घरात सल्ला देणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे पहिल्या प्रकारच्या माणसाकडे बघून बोलत होते.

मावशींच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही. जर्मनीत किमान वेतन कायद्याने ठरलेले आहे आणि 1 जानेवारी 2026 पासून ते तासाला 13.90 युरो आहे, म्हणजे साधारण साडेचौदाशे रुपये. मावशी आमच्याकडे रोज सव्वा तास असतात आणि आम्ही त्यांना महिन्याला साडेचार हजार देतो. सुट्या वगळून भागाकार केला की तासाला सव्वाशे-दीडशे रुपये पडतात, आणि आमच्या आळीत हा दर चांगला समजला जातो. देश बदलला की माझ्या एका तासाची किंमत अडीच पट होते. मावशींच्या एका तासाची दहा पटींहून अधिक होते. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि मग त्या दिवशी मला काहीच काम सुचले नाही.

पुण्यातले आमचे राहणीमान स्वस्त आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय स्वस्त असते? घर स्वस्त नाही. कोथरूडमधल्या फ्लॅटच्या किमतीत तिथल्या एखाद्या लहान गावात छोटे घर येईल. गाडी स्वस्त नाही, पेट्रोल तर नाहीच. चांगली शाळा महाग आहे, खाजगी रुग्णालय महाग आहे. दूध, चीज, सफरचंद, वॉशिंग मशीन यांच्या भावात फार मोठी तफावत उरलेली नाही. स्वस्त आहे तो माणसाचा वेळ. पोळ्यांचा तास स्वस्त आहे, भांड्यांचा अर्धा तास स्वस्त आहे, इस्त्रीवाल्याचा, पाळणाघरातल्या ताईंचा, वॉचमनच्या बारा तासांचा, दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणाऱ्या पोराचा वेळ स्वस्त आहे. माझी सकाळ ज्या गोष्टींमुळे सुरळीत सुरू होते, त्यांतली प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी अल्प मोबदल्यावर उभी आहे. मी हे टाळ्यांसाठी लिहीत नाही. मी नोकरी करू शकले, बाळंतपणानंतर कामावर परतू शकले, बढती घेऊ शकले, ती मावशींच्या भरवशावर. माझ्या पिढीतल्या शहरी मराठी बाईच्या स्वातंत्र्याचा फार मोठा भाग दुसऱ्या बाईने पहाटे पाचला उठून उचललेला आहे, हे मला मनापासून वाटते.

पुण्यात हा विषय नवा नाही. 1980 साली इथल्या मोलकरणींनी संप केला होता, आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. माझ्या आजीला तो संप आठवत असे. पेठेतल्या वाड्यांमध्ये भांडी तशीच पडून राहिली होती आणि बायका चौकाचौकांत जमून पगारवाढ आणि रजा मागत होत्या, असे ती सांगायची. तिच्या स्वरात थोडी नाराजी असायची आणि थोडे कौतुकही. पुढे 2008 मध्ये राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी होते, काही लाभ मिळतात. पण अमक्या घरी अमुक तासाला इतके, हे अजूनही ओट्यापाशी उभे राहून, एकमेकींची नजर चुकवत ठरते.

आमच्या पुण्याच्या कार्यालयातला नाशिकचा एक सहकारी स्टुटगार्टला जाऊन आता तिथे रुळला आहे. मी मागे कामानिमित्त काही आठवडे तिथे होते तेव्हा त्याच्या घरी जेवायला गेले होते. नोव्हेंबर होता. दुपारी साडेचारनंतर उजेड ओसरू लागला होता. लोकलमधून उतरून चढाची वाट चालताना ओल्या पानांचा आणि कोणाच्या तरी लाकडाच्या शेगडीचा वास येत होता. ते शहर एका खोलगट खोऱ्यात वसलेले आहे, भोवतीच्या उतारांवर ऐन वस्तीत द्राक्षांचे मळे आहेत, आणि खालून वरच्या रस्त्यांना जोडणारे दगडी जिने जागोजागी आहेत. नाशिकच्या माणसाला द्राक्षांचे अप्रूप नसावे, तरी त्याने मला मुद्दाम थांबवून ते दाखवले. त्याच्या इमारतीत शिरलो तर तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या दाराच्या मुठीला एक लहान लाकडी पाटी अडकवलेली होती. या आठवड्याची केअरवोखे त्याची आहे, असा तिचा अर्थ. त्या आठवड्यात जिना झाडून-पुसून काढायचा, कठडा पुसायचा, तळघराकडे जाणारी वाट स्वच्छ करायची, आणि शनिवारी रात्री पाटी शेजाऱ्याच्या दाराला लावायची. हिवाळ्यात पदपथावरचा बर्फ कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत काढायचा, तोही पाळीपाळीने. श्वाबन मुलुखातली ही रीत; तिची मुळे 1492 च्या नगरनियमांपर्यंत मागे नेतात. महापालिकेने ती सक्ती कधीच सोडून दिली, पण भाडेकरारांत आणि लोकांच्या अंगवळणी ती राहिली आहे.

जेवताना त्याने फ्रीजरमधून पोळ्या काढल्या. दर रविवारी तो आणि त्याची बायको मिळून आठवड्याच्या पोळ्या लाटतात. एक लाटतो, एक भाजतो. रविवारी दुसरे काही करण्यासारखे नसतेही, कारण दुकाने बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला तिथे राज्यघटनेचे संरक्षण आहे. ड्रिलिंग मशीन चालवता येत नाही, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकता येत नाहीत. त्याची बायको म्हणाली, "पहिलं वर्षभर मला रविवारी रडू यायचं. इतकी शांतता मला सोसायचीच नाही." मग ती थांबली आणि म्हणाली, "आता पुण्याला आले की हॉर्न सोसत नाहीत. म्हणजे दोन्हीकडचं गेलं." तिने हे पोळीला तूप लावत, अगदी सहज सांगितले. त्यांचा मुलगा तेव्हा पहिलीत होता. तो शाळेत एकटा चालत जातो, दोन रस्ते ओलांडतो, आणि ते रस्ते ओलांडायला त्याला पोलिसांनी बालवाडीत येऊन शिकवले, हे त्याने स्वतः मला जर्मन मिसळलेल्या मराठीत समजावून सांगितले.

माझी लेक सात वर्षांची आहे. ती अजून एकटी रस्ता ओलांडत नाही. आमच्या रस्त्यावर मीही तो श्वास रोखून ओलांडते. टॉमटॉम या नकाशे बनवणाऱ्या कंपनीच्या 2024 च्या वाहतूक-निर्देशांकात पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथे होते, दहा किलोमीटरला सरासरी 33 मिनिटे 22 सेकंद. हा आकडा वाचून मला धक्का बसला नाही, कारण त्यातली कितीतरी मिनिटे मी स्वतः बसून मोजलेली आहेत. माझ्या तक्त्यात ही मिनिटे खर्चाच्या बाजूला कुठेच नव्हती. तिथल्या पत्रात आठवड्याला चाळीस तास आणि वर्षाला तीस दिवसांची भरपगारी रजा लिहिली आहे, आणि आजारी पडले तर सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार कायद्यानेच मिळतो. इथे मी पाळणाघर सुटायच्या वेळेला धावत पोहोचते, तिथे पाच वाजता घरी असेन आणि पोळ्या लाटत असेन. कोणत्या संध्याकाळीचा भाव जास्त, हे मला युरोत किंवा रुपयांत सांगता येत नाही. पण लेकीशी दिवसाला दीड तास बोलायला मिळण्याची मला किती भूक आहे, हे मात्र मला ठाऊक आहे.

तिथले सगळे गोजिरे आहे असे मला म्हणायचे नाही. तिथेही कार्यालयांच्या फरश्या, पार्सलांची ने-आण आणि म्हाताऱ्यांची सुश्रूषा बरीचशी पोलंड, रुमानिया आणि आणखी दूरवरून आलेल्या माणसांच्या अंगावर पडते. फरक इतकाच की त्यांच्या तासाला एक तळ आहे, ज्याच्या खाली जाणे बेकायदा आहे. वाहनउद्योगावर उभे असलेले ते शहर सध्या चिंतेत आहे. बॉशने 2025 च्या सप्टेंबरात जर्मनीतली 13,000 पदे कमी करण्याचे जाहीर केले. माझे काम वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरच्या चाचणीचे आहे, तरी शहराची घडी विसकटली तर तिची झळ सर्वांना लागते, आणि नोकरी गेली तर परवान्याच्या मुदतीत दुसरी शोधायची टांगती तलवार परक्या माणसावरच असते. फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत स्थलांतरितांच्या विरोधात उघडपणे बोलणाऱ्या पक्षाला 20.8 टक्के मते मिळाली. माझ्या सावळ्या लेकीला शाळेत त्या वीस टक्क्यांमधल्या कोणाच्या तरी घरातले मूल भेटेल, हे मी गृहीत धरले आहे. त्या विचाराने मी रात्री जागी राहिलेली आहे.

सगळ्यांत अवघड गोष्ट नवऱ्याची. तो शिवाजीनगरच्या न्यायालयात वकिली करतो, मुख्यतः वाटपाचे आणि वहिवाटीचे दावे. माझ्या ब्लू कार्डवर, म्हणजे कुशल नोकरदाराच्या निवास-परवान्यावर, आलेल्या जोडीदाराला तिथे कुठलेही काम करायची पूर्ण मुभा आहे, भाषेची परीक्षा आधी द्यावी लागत नाही, हे मी त्याला मोठ्या आशेने वाचून दाखवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. "मुभा आहे, पण काम कुठलं?" एवढेच तो म्हणाला. त्याची सनद तिथल्या न्यायालयात चालणार नाही. पंधरा वर्षे खपून त्याने जे मिळवले आहे, म्हणजे कुठल्या गावच्या कोणत्या फेरफारात काय खोड असते, कोणते शिरस्तेदार कागद वेळेवर देतात, कोणता अशील खोटे बोलताना चष्मा काढतो, ते सारे ज्ञान विमानाच्या सामानात बांधून नेता येत नाही. परदेशी नोकरीच्या गणितात दोन पगारांचा एक पगार होतो, हे लोक सांगतात. दुसऱ्या माणसाचा एक आख्खा शहाणपणा बिनकामाचा होतो, हे फारसे कोणी सांगत नाही. जी बाई नवऱ्याच्या मागून गेली तिच्या बाबतीत ते आजवर कोणी मोजलेच नाही, म्हणून असेल.

आई-बाबा वाईला असतात. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. कृष्णेच्या घाटावर सकाळचा फेरा आणि आठवड्यातून दोनदा एसटीने शेतावर चक्कर, हा त्यांचा नेम. 1 मार्च 2024 नंतर परवाना मिळालेल्या कुशल नोकरदारांना आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांनाही, जर्मनीत बोलावता येते अशी तरतूद झाली आहे. परंतु त्यासाठी त्यांचा आरोग्यविमा काढावा लागतो, आणि सत्तरी ओलांडलेल्या मधुमेही माणसाचा विमा तिथे कोणत्या रकमेला मिळेल हे पाहिल्यावर मी ते पान बंद केले. ती दोघे आली नसतीच, हा भाग वेगळा. मग उरतो फोन. घड्याळात उन्हाळ्यात साडेतीन तासांचे आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर. आईची जेवणे आवरून फोनची वेळ होते तेव्हा तिथे संध्याकाळ असेल, आणि रात्री तिला काही झाले तर मी जागी असेन, पण जागी असून मला काय करता येणार? पुण्याहून पसरणी घाटाच्या पायथ्याशी, वाईला, दोन-अडीच तासांत पोहोचता येते. स्टुटगार्टहून विमाने धरली, तिकीट लगेच मिळाले, तरी एक पूर्ण दिवस जातो. आमच्या सोसायटीत ज्यांची मुले बाहेर आहेत अशा घरांमध्ये शेजाऱ्याकडे किल्ली ठेवलेली असते. ती किल्ली कोणाकडे ठेवायची हे ठरवणे, ही त्या घरातली मोठी गोष्ट असते.

चार-पाच दिवसांनी मी मावशींना आकडा सांगितला. त्या पोळी उलटत होत्या. हात थांबला नाही. "तासाला? दिवसाला न्हाई?" त्यांनी खात्री करून घेतली. मग त्यांनी थोडा विचार केला आणि विचारले, "मंग तिकडं पोळ्या कोण करून घेतंय?" मी म्हणाले, "कुणी नाही. ज्याच्या त्यानं करायच्या." "मंग बराबर हाय," त्या म्हणाल्या, आणि पोळी तव्यावरून उतरवून तिला तेल लावले.

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदाच त्यांच्या गाव सोडण्याबद्दल नीट बोललो. बीड जिल्ह्यातले त्यांचे गाव. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाकडून उचल, आणि दिवाळीनंतर सहा महिने साखर कारखान्याच्या फडात. 2012-13 च्या दुष्काळात गावात काही उरले नाही तेव्हा त्या पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत नणंदेकडे आल्या आणि राहिल्या. "उचल काय फिटत नव्हती. हितं महिन्याला पैसा हातात येतो, पोरं साळंत जात्यात." खोलीचे भाडे किती, बस किती, चार घरांचे मिळून किती, गावी किती पाठवायचे, हा सगळा हिशेब त्यांनी न अडखळता सांगितला, त्यात माझ्या तक्त्यातले सगळे रकाने होते. फडातला तास आणि ओट्यापाशीचा तास यांच्या किमतीतला फरक त्यांनी माझ्या कितीतरी आधी मोजलेला होता. शेवटी त्या म्हणाल्या, "सासूचं तेवढं राह्यलं. म्हातारी आली न्हाई. एकलीच गेली." मी काही बोलले नाही. त्यांनी परात पाण्याखाली धरली, काठाला चिकटलेली कणीक बोटाने सोडवली आणि मग डबा लावून ठेवला.

आम्ही जायचे ठरवले आहे. पैशांसाठी नाही, कारण निदान पहिली काही वर्षे पैशांत काही भर पडणार नाही. मला माझ्या घराचे काम माझ्या घरातल्या माणसांनी उरकलेले बघायचे आहे, आणि त्यासाठी लागणारा वेळ जिथे नोकरीच देते अशा ठिकाणी काही वर्षे राहून बघायचे आहे. हे पुण्यात राहून करता येणार नाही का, असे नवऱ्याने विचारले. एखादी शहाणी, धीट बाई ते करेलही. मला सकाळी सव्वाआठला निघून संध्याकाळी साडेसातला परतताना ते जमलेले नाही. मी 1 मेपासून रुजू होईन. कामाचे पहिले सहा महिने परीक्षेचे असतात, त्यामुळे सगळे एकदम उचलून न्यायचे नाही. लेकीची दुसरी संपेल, सुटी आणि पावसाळ्याचा काही भाग ती वाईला काढेल, आणि सप्टेंबरात तिथल्या शाळा उघडतात तेव्हा दोघे येतील. नवऱ्याने एक वर्ष द्यायचे कबूल केले आहे. त्याचे दावे त्याचा ज्युनियर पाहील. वर्षाअखेर त्याला तिथे स्वतःचे काही दिसले नाही, तर आपण परत येऊ, हे आम्ही दोघांनी एकमेकांना शब्द म्हणून दिले आहे. तो सध्या रात्री जर्मन शिकतो. पहिल्या केअरवोखेची पाटी आपल्याच दाराला लागली पाहिजे, असे त्याने लेकीला सांगून ठेवले आहे.

मावशींना आम्ही आधीच कळवले, म्हणजे त्यांना कामासाठी दुसरे घर शोधायला वेळ मिळेल. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाशी बोलणे झाले आहे. दर मात्र आम्ही देतो त्याच्या खाली यायचा नाही, हे मी त्यांच्या देखत ठरवून घेतले.

बाबांना सांगायला वाईला गेलो, तेव्हा त्यांनी हीटिंगचे किती पडतात आणि तिथे डाळ मिळते का, एवढेच आधी विचारले. जेवण झाल्यावर त्यांनी कपाटातून सातबारा काढून नवऱ्यापुढे ठेवला. परदेशी राहायला गेलेल्या माणसाला इथली शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाने तेवढी मिळते, आणि जाण्यापूर्वीची असेल तर ठेवता येते. हे त्यांना कोणी सांगितले होते कोण जाणे. मी एकुलती एक, त्यामुळे वाद काही नव्हता. पण मी जायच्या आधी जमीन माझ्या नावावर व्हावी असे त्यांच्या मनाने घेतले होते. "तुझं नाव इथं असलं म्हणजे तुला यावं लागेल," असे ते म्हणाले नाहीत. "कागद वेळेवर झालेला बरा," असे म्हणाले. बक्षीसपत्राचा मसुदा नवऱ्यानेच केला. बाबांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि दोन गोष्टी वाढवायला सांगितल्या: हयात असेपर्यंत वहिवाट त्यांचीच राहील, आणि सामाईक विहिरीतला आपला पाण्याच्या पाळीचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहायचा, वारासकट, नाहीतर पुढे शेजारी ऐकणार नाहीत. दुय्यम निबंधकांकडची तारीख पुढच्या आठवड्यात मिळाली आहे.